पाच गोळ्यांचा माणूस

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. आणि त्याचं मला यत्किंचितही दुःख नाही.”

एवढं म्हणून मी न्हाव्याच्या खुर्चीत मागे रेललो आणि बूट शेगडीकडे केले. अर्व्हेलच्या बंदुकांच्या दुकानात न्हाव्याची खुर्ची काय करते, असं बाहेरचा माणूस विचारील. गावातला नाही विचारणार. गावातलं सलून बंद पडलं तेव्हा अर्व्हेलने ती उचलून आणली, शेगडीजवळ ठेवली आणि वर भिंतीवर पाटी ठोकली. पाटीवर नियम एकच : गप्पांमध्ये जो सर्वांत पुढे, तो खुर्चीत बसेल. ज्याची थाप कुणी तोंडावर पकडली, त्याने उठून वर्षभर काडतुसांच्या लाकडी खोक्यावर बसायचं. नुसती शंका चालणार नाही, पुरावा लागेल.

त्या खुर्चीत मी अकरा हिवाळे बसलो होतो. दरवर्षी थापेत पकडला जाऊन खोक्यावर अकरा हिवाळे माझ्या बहिणीचा नवरा डब बसला होता. डबचं कंबरडं तेव्हापासून सरळ झालेलं नाही, आणि तो त्याचा दोष मलाच देतो.

त्या शनिवारी सकाळी ट्वायला आली होती. ट्वायला म्हणजे आमच्या तालुक्यातली फिरती नर्स. पन्नाशीची, शांत, ऐकते जास्त आणि बोलते कमी. सोमवारपासून तिला नदीपलीकडच्या गुरांच्या रँचेसवरचे म्हातारे बघायला जायचं होतं. चाळीस मैलांत दिवा नाही की फोनला रेंज नाही. हत्याराचा परवाना तिच्या पर्समध्ये तयार होता. कपड्यांखाली काय बाळगायचं, एवढंच ठरत नव्हतं.

अर्व्हेलने काउंटरवर फडक्यावर दोन हत्यारं ठेवली, दोन्ही रिकामी. एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर, फॉर्टी-फोर बोअरचं, गोळ्या पाच. दुसरं नाइन एमएमचं पिस्तूल, गोळ्या पंधरा. आणि तो दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला, कारण त्याला दोन्ही विकायची होती.

“पंधरा,” डब खोक्यावरून म्हणाला. “मोजायची गरजच नाही. देवाने माणसाला पंधरा गोळ्या दिल्यात त्या काही उगाच नाहीत.”

“पंधरा त्याला लागतात,” मी म्हणालो, “ज्याच्या चौदा चुकतात.”

“आणि तुझ्या पाच संपल्या की काय करतोस? समोरच्याला म्हणतोस, जरा थांब, मी घरी जाऊन येतो?”

“माझ्या पाच संपतच नाहीत, डब. चाळीस वर्षांत मी सहावी गोळी खिशात ठेवलेली नाही. सहावी गोळी म्हणजे पहिल्या पाचांचा अपमान.”

ट्वायलाने फॉर्टी-फोर उचलून कमरेला लावून पाहिलं. नर्सच्या त्या इलॅस्टिकच्या पँटने लगेच डाव्या बाजूला मान टाकली. मग तिने पंधरावालं लावलं. ते जाड. स्टुलावर बसली तशी बरगडीत रुतलं.

“हे टोचतंय,” ती म्हणाली. “आणि ते हातात झटका किती देईल हो? दिवसभर इंजेक्शनं द्यायची असतात मला याच मनगटाने.”

“झटका देईल,” अर्व्हेल प्रामाणिकपणे म्हणाला. “हलकं हत्यार, मोठी गोळी.”

“झटका म्हणजे काय, हस्तांदोलन आहे ते!” मी म्हणालो. मला दिसत होतं की ती पंधराकडे झुकतेय, आणि डबच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत पहिल्यांदा हसू फुटतंय. तेव्हाच मी ते वर सांगितलेलं वाक्य टाकलं आणि बूट शेगडीकडे केले. “पोरी, बस. त्या वाडग्यातले पिकान घे, अक्रोडासारखे फोड, खा. पाच गोळ्या काय करतात ते ऐक आणि मग ठरव.”

ती बसली. अडकित्ता घेऊन पिकान फोडायला लागली.

“तीन वर्षांपूर्वी,” मी सुरू केलं, “चर्चची चिली रांधायची स्पर्धा होती, मांस आणि घेवड्याचं तिखटजाळ कालवण. सत्तावीस पातेली उकळत होती. एका टेबलावर माझ्या बायकोने, ओपलने, भांड्यात पीच भाजून केलेला कॉबलर ठेवलेला. इतका गोड की मधमाश्या रांगेने येऊन नुसता वास घेऊन जात होत्या. डंगरीच्या छातीच्या खिशात, रुमालाखाली, माझं फॉर्टी-फोर. ओपललासुद्धा पत्ता नाही. आणि नदीकडून आलं रानडुक्कर.”

“किती मोठं?” अर्व्हेलने विचारलं.

“त्याच्या पाठीवर गवत उगवलं होतं आणि गवतात एक गाय चरत होती.”

“मी त्या दिवशी तिथे होतो,” डब म्हणाला. “कुठलंही डुक्कर नव्हतं.”

“तू होतास, पण तुझ्या डोळ्यांत तिखट गेलं होतं. ते कसं गेलं, त्यावर मी येतोच आहे. तर डुक्कर सुटलं ते सरळ कॉबलरकडे. मी खिशात हात घातला आणि झाडली. धडाड!”

ट्वायलाने एक पिकान फोडला आणि आख्खा गर काउंटरवर ठेवला.

“आता नाइन एमएमची गोळी डासासारखी, येते कधी जाते कधी कळत नाही. फॉर्टी-फोरची गोळी इतकी जाडजूड की डुकराला ती येताना दिसली. त्याने आदराने मान खाली घातली. गोळी वरून गेली ती चर्चच्या घंटेवर. टण्ण! लोकांना वाटलं, जेवणाची घंटा. ताटल्या घेऊन सगळे रांगेत उभे. आणि डुक्करही उभं राहिलं रांगेत! आमच्या गावचंच ना ते, संस्कार होते.”

अर्व्हेलने तोंडावर फडकं धरलं.

“पण त्याच्या पुढे होता डब. आणि डब घेवडा वाढून घेतो तेव्हा मागच्या माणसाचं वय वाढतं. डुकराने आठ मिनिटं वाट पाहिली आणि मग नाकाडाने डबला उचलून पिकानच्या झाडाच्या शेंड्यावर बसवलं.”

“मला नको ओढूस यात!” डब ओरडला.

“तुला खालीच ओढला मी! नेम धरला, तू बसलेल्या फांदीवर दुसरी झाडली. फांदी तुटली, तू खाली आलास, आणि झाडाचे सगळे पिकान एका दमात खाली. त्या झाडाचा मालक मला अजून दरवर्षी पोतं पाठवतो. ट्वायला खातेय ते त्यातलेच.”

ट्वायला काही खात नव्हती. तिने दुसरा गर पहिल्याच्या शेजारी नीट लावून ठेवला. मला वाटलं, बाई नीटनेटकी आहे.

“डुकराचे पाय पिकानवरून घसरले आणि ते टेबलांच्या दिशेने घरंगळत निघालं. मध्ये तिखटाचं पोतं होतं. तिसरी गोळी पोत्यात! लाल ढग उठला. डब, तुझे डोळे तिथे गेले. डुक्कर शिंकलं. अशी शिंक की मंडपाचं छप्पर आणि त्याच्याबरोबर पाद्री लेस्टरचा केसांचा टोप आकाशात!”

“लेस्टरचा टोप?” अर्व्हेल काउंटरवर पालथा पडत म्हणाला. “लेस्टर टोप घालतो?”

“आता घालत नाही. कारण वरून जाणाऱ्या गिधाडाने तो पकडला. अंडी घालायला बरा, असा विचार केला त्याने. चौथी गोळी! गिधाडाला लागली नाही, मी तसा माणूस नाही. नुसता फॉर्टी-फोरचा वारा लागला. सगळी पिसं गळाली, गिधाडाने लाजून टोप सोडला आणि तो येऊन बसला डुकराच्या डोक्यावर. हुबेहूब आमच्या गावची म्हातारी युनिसमावशी! दोघांनी तर जवळ जाऊन गुडघेदुखीची चौकशी केली.”

डब खोक्यावर दोन्ही हातांनी पोट धरून बसला होता. त्याचे डोळे वाहत होते. माझा विरोधक असला तरी माणूस रसिक आहे. मला तेव्हाच कळलं की खुर्ची बारावा हिवाळाही माझीच. ट्वायलाही हसत होती, पण आवाज न करता. फक्त तिचा हात अडकित्त्यावर चालला होता. कट्. चौथा गर.

“मग?” ती म्हणाली. “डुक्कर मेलं का?”

“मेलं? टोप घालून? त्याला शरम वाटली. ते कॉबलर तोंडात धरून माझ्या पिकअपमध्ये जाऊन बसलं. गाडी उतारावर उभी होती, ब्रेक सुटला, निघाली नदीकडे! ओपल किंचाळतेय, ‘हार्लन, माझं भांडं!’ मी पाचवी झाडली ती पुढच्या डाव्या चाकात. फट्! गाडी डावीकडे वळली, वळतच राहिली, पूर्ण चक्कर मारून पुन्हा आपल्याच जागी येऊन उभी राहिली, पार्किंगच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध.”

“वा!” अर्व्हेल ओरडला.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण हसणाऱ्या माणसांसमोर थांबणं मला जन्मात जमलेलं नाही.

“अजून पुढे तर ऐका! दार उघडलं आणि डुक्कर उतरलं ते थेट माझ्या अंगावर. टोप कपाळावर, दातांत कॉबलर, माझ्यापासून एक फूट. मी पापणीसुद्धा हलवली नाही. नेम धरला आणि धडाड! गोळी त्याच्या शेपटीच्या वेटोळ्यातून आरपार गेली, शेपटी इस्त्री केल्यासारखी सरळ झाली, दचकून त्याने तोंड उघडलं आणि कॉबलर अलगद माझ्या हातात! एक थेंब सांडला नाही. सांगा आता, पंधरा लागल्या?”

दुकान दणाणलं. डब शेगडीला टेकून धापा टाकत होता. ट्वायलाने मात्र शेवटचा पिकान फोडला, गर ओळीत ठेवला आणि काउंटरवरची ती ओळ एका बोटाने माझ्याकडे सरकवली.

“हार्लनकाका,” ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही बार काढलात की मी एक पिकान ठेवत होते. घंटा, फांदी, पोतं, गिधाड, चाक, शेपटी. हे सहा झाले. पाचाच्या रिव्हॉल्व्हरमधून सहावी गोळी निघालीच कशी? खोटं बोलताय तुम्ही!” आणि मग अर्व्हेलकडे वळून : “मला ते पंधरावालं बांधून द्या. टोचलं तर टोचलं. इथे नुसती थाप मारायलासुद्धा पाच पुरत नाहीत.”