आधी उतरवून घ्या

मी कर्नेल बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ज्यांच्याकडे मी अकरा वर्षं राबलो त्या काकांनीही ते ऐकलेलं नाही. त्यांच्या चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत, काच घासायच्या मशीनशेजारी एक संगणक आहे. त्याच्या पोटातला कारभारी तो मी. पडद्यावर हलतात-बोलतात ते प्रोग्राम. मिरवायचं त्यांनी, राबायचं मी. दुकानातच वाढलो, त्यामुळे बोलणंही दुकानदारी झालंय, सांभाळून घ्या.

माझा जन्म एका घरी झालेला नाही. शेकडो लोकांनी, एकमेकांचं तोंडही न पाहता, मला ओळीओळीने लिहिलं. पण सगळ्यांनी एक गोष्ट बजावली: कोणाच्या चिठ्ठीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस.

चिठ्ठी कसली, ते सांगतो. संगणकाच्या मेमरीत मी प्रत्येक प्रोग्रामला एक खोली देतो. खोलीत कप्पे, कप्प्यांना नंबर. गंमत म्हणजे चाळीस नंबरचा कप्पा याच्याही खोलीत आणि त्याच्याही. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. मला मात्र सगळीकडे वाट आहे. मशीनला काही पाठवायचं असलं की प्रोग्राम माल माझ्या हातात ठेवत नाही. नुसती चिठ्ठी देतो, ‘अमुक कप्प्यात आहे, घेऊन जा.’

या चिठ्ठ्यांनी मला जग दाखवलं. कोणी भाबडेपणाने नसलेल्याच कप्प्याचा नंबर देतो. कोणी बिलंदर माझ्याच तिजोरीचा नंबर लिहून म्हणतो, ‘एवढं जरा पोहोचतं करा.’ म्हणून आधी पाहायचं, कप्पा याच्याच खोलीतला आहे ना. कधी नंबर खरा, पण माल जागेवर नसतो. अडचण होते म्हणून मीच तो डिस्कच्या माळ्यावर टाकलेला असतो. मग थांबायचं, खाली उतरवायचा. काहीच हाती लागलं नाही, तर निमूट परत येऊन सांगायचं की पत्ता चुकला. तिथेच मी धडपडलो, तर अख्खा संगणक बसतो. आणि निघताना दाराला कडी लावायची.

इतकी शिस्त असून माझ्या हातून एकदा घोटाळा झालाच.

काच घासायचं मशीन आलं तेव्हा काकांच्या लेकीने, ताईने, त्याच्याशी बोलायचा एक तुकडा लिहून माझ्या अंगाला जोडला. हुशार पोर, पण घाईची. चष्म्याचे नंबर ज्या प्रोग्रामच्या खोलीत असतात, तिथे तिचा तुकडा मला दोनदा पाठवायचा. पहिल्या खेपेला कप्प्यातला चष्म्याचा नंबर बघायचा, बसवलेली काच त्याला पुरेल ना ते तपासायचं. मग मशीनचं चाक वेग घेईपर्यंत थांबायचं, अर्धा मिनिट. आणि दुसऱ्या खेपेला तोच नंबर पुन्हा वाचून मशीनला द्यायचा.

आता काकूंची, ताईच्या आईची, सवय ऐका. बाहेर गल्ल्यावर माझाच एक पडदा आणि की-बोर्ड आहे, तिथे त्या बसतात. गिऱ्हाईक समोर असताना त्यांचा हात थांबत नाही. एकाचं काम आत गेलं की त्याच पानावर पुढच्याचा नंबर टाइप करायला सुरुवात. आणि ते पान म्हणजे खोलीतला तोच कप्पा.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. डावा डोळा लहानपणीच गेलेला, सगळा धंदा उजव्यावर. त्यांच्या नंबराची काच आता कोणी बनवत नाही. काकांनी चार शहरांत फोन करून शेवटच्या दोन मिळवल्या. पहिली मशीनवर चढली. मी नंबर तपासला, ठीक होता. चाक फिरू लागलं. तेवढ्यात शेजारचे न्हावीदादा चष्म्यासाठी आले आणि काकूंनी त्यांचा नंबर टाइप केला. मी दुसऱ्यांदा गेलो, कप्प्यात होतं ते उचललं आणि देऊन टाकलं. आजोबांच्या काचेवर न्हाव्याचा नंबर!

“मशीन बिघडलंय,” काका म्हणाले.

“मशीनला काय धाड भरलीय? तुमच्या लेकीला घाई.”

“आई, तू दोन मिनिटं हात आवरला असतास तर?”

“दुकान आहे गं, देऊळ नाही, हात जोडून बसायला.”

आजोबा स्टुलावर शांत बसून होते. म्हणाले, “भांडू नका. दुसरीही गेली तर सांगा, म्हणजे मी आलेली घड्याळं लोकांना परत करून टाकतो.”

मग काका ताईकडे वळले. “मला तुझं शास्त्र कळत नाही. पण डॉक्टरचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात असतो. त्याने त्याचा पंखा करून वारा घ्यावा, नाहीतर पोराने त्यावर चित्रं काढावीत. मी आधी नंबर माझ्या वहीत उतरवतो. मग तपासतो तोही वहीतला आणि घासतो तोही वहीतलाच. कागदाकडे परत बघतच नाही.”

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. “बाबा, तीस वर्षं हे पोटात ठेवून बसलात?”

“तू विचारलंस कधी?”

दोन दिवस ती माझ्यावर काम करत होती. आता मी खोलीत एकदाच जातो, नंबर माझ्या जागेत उतरवून घेतो, तपासतो तो उतरवलेला, देतोही तोच. मागे खोलीत कोणी काहीही खोडो.

शेवटची काच चढली. काकूंना ताकीद होती: की-बोर्डला हात लावायचा नाही. चाक फिरू लागलं आणि दारात न्हावीदादा. “काकू, माझा नंबर जरा बदललाय हो...” काकूंची बोटं चालू झाली देखील!

“आई!” ताई ओरडली.

मी घाई केली नाही. नंबर माझ्या हातात होता. तोच दिला.

काचेवर काका नंबर तपासायचं यंत्र लावून बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी काच आजोबांच्या चौकटीत बसवली. आजोबांनी खिशातून डबी काढली, चिमट्याने तिळाएवढा स्क्रू उचलला, उजेडात धरला. “आटे दिसतात,” म्हणाले, आणि काकूंना वर सांगून गेले, “तुमच्या हाताला गुण आहे.”

असू दे. आमचं नाव कोण घेणार!

आता संगणक थकलाय. उद्या नवा येईल, आणि ही डिस्क पुसली जाईल. तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगणं, कोणी पत्ता दिला तर जरूर जा. पण आहे ते आधी आपल्या हातात घ्या, आणि मग जोखा. नव्या कर्नेलची मला काळजी नाही. ताईने तो तुकडा त्याच्यासाठी जपून ठेवलाय, वर तिने स्वतःसाठी लिहिलेल्या ओळीसकट: ‘इथे आधी उतरवून घे. आई थांबणार नाही.’