मावशीचा वरचा मजला

रविवारची सकाळ. नर्सने कपडे दोरीवर टाकले आणि ओल्या हातानेच मोबाइल उचलला. इमारत पाडायला काढली होती, महिनाअखेर खोली सोडायची होती, तिचे दिवस भरत आले होते आणि नव्या घराचा पत्ता नव्हता. घरं शोधायच्या ॲपवर पहिलाच प्रश्न, तुमचा समाज कोणता? उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तिने नवऱ्याचा समाज निवडला. उत्तर आलं, आपल्यासाठी सध्या घर उपलब्ध नाही.

"एकदा माहेरचा टाकून बघ," नवरा म्हणाला. तो वायरमन. बिघाड शोधायला एकेक वायर सोडवून बघायची त्याची सवय.

तिने टाकला आणि घरांची रीघ लागली. मालकाचं नाव कुठेच नाही, नुसते फोटो. त्यातल्या एका फोटोवर तिचं बोट थांबलं. तो तिच्या सख्ख्या मावशीचा वरचा मजला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं नागरी हक्कांच्या कचेरीत गेले. साहेब सज्जन होते, म्हणजे त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"वर्तमानपत्राने असली जाहिरात छापली असती तर संपादकाला कोर्टात खेचलं असतं," ते म्हणाले. "ॲपला कायद्याचं संरक्षण आहे. लोक तिथे काय भरतात, त्याला कंपनी जबाबदार नाही."

"पण प्रश्न तर कंपनीच विचारते ना, साहेब?" तिने विचारलं.

"उत्तर मालकाचं असतं. तक्रार मालकावर करा. नाव सांगा, आत्ता लिहून घेतो."

"नावं ॲप दाखवत नाही," वायरमन म्हणाला.

"मग माझाही नाइलाज आहे."

काय सोय आहे बघा. मालक ॲपच्या आड, ॲप कायद्याच्या आड आणि उघड्यावर कोण, तर ही पोटुशी बाई. तिला एकच नाव ठाऊक होतं. ते ओठांवर आलं आणि तिने गिळलं.

संध्याकाळी दोघं मावशीकडे गेले.

"या जावईबापू, या. किती वाळलीय हो ही!"

"मावशी, वरचा मजला आम्हाला दे. भाडं सगळ्यांसारखंच देऊ."

मावशीचा चेहरा पडला. "अगं, मी कुठे कुणाला नाही म्हटलं? ॲपनेच विचारलं, कोण चालेल म्हणून. गल्लीत सगळ्यांनी भरलं तेच मीही भरलं. हा तर मला मुलासारखा."

"आता मध्ये ॲप नाही. तो समोर उभा आहे. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "बसा, चहा टाकते," म्हणून ती आत गेली आणि बाहेर येईना.

"जाऊ दे गं," वायरमन हळूच म्हणाला. "घेऊ तुझ्या माहेरच्या नावावर कुठेतरी. कुणी विचारलं तर मी तुझा भाऊ." हे तो हसत म्हणाला, पण तिला रडू फुटलं.

डोळे पुसून ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. "मावशी, उद्या कचेरीत तुझं नाव देणार आहे."

"माझंच का? सगळी गल्ली तेच करते."

"बाकीच्यांची नावं मला कळू देत नाहीत."

तिने नाव दिलं. मावशीला नोटीस गेली, नातं तुटलं. कंपनीला साधं पत्रसुद्धा गेलं नाही. त्या पानावर पहिला प्रश्न आजही तोच आहे आणि उत्तर भरणारे तुम्हीआम्हीच आहोत.