बोरीच्या खिडकीतलं समुद्राचं शेवाळ

लहानपणी सुट्टीत बोरीला गेले, की साळुआत्याबरोबर गोठ्यामागचा हौद घासायचं काम माझ्याकडे असे. काथ्याने शेवाळ खरवडायचं, पाय घसरून पाण्यात बसायचं आणि दोघींनी हसत सुटायचं. तो गार, हिरवट वास कुठे आला की अजून बोरी आठवते.

पुढे मी मुंबईला प्रयोगशाळेत लागले. तिथेही काम शेवाळाचंच, फक्त समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं. एका दिवाळीला त्याची बाटली आत्याला दाखवायला नेली.

"ह्याचं काय करता गं, श्रेये?"

"युरेनियम मिसळलेल्या पाण्यात सोडतो. यांच्या अंगावर चिकट थर असतो, त्याला युरेनियम चिकटतं. मग हे गाळून काढलं, की पाणी बरंच स्वच्छ होतं."

आत्याने हात मागे घेतला. "आन् ह्या बाटलीत?"

"यात नुसतं खारं पाणी आणि शेवाळ."

"मग ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. हौद बुजवल्यापासनं हिरवं असं दिसलंच न्हाई."

बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. आटलं की उकळून गार केलेलं पाणी थोडं घालायचं, एवढंच मी सांगितलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात प्रयोगशाळेतलं तापमान सांभाळणारं यंत्र बिघडलं. सुट्टीचे दिवस, कुणाच्या लक्षात येईपर्यंत आमचं शेवाळ पिवळं पडून मेलं. खाडीतून आम्हीच वेगळा काढलेला तो वाण आत्याच्या खिडकीतली बाटली सोडली तर दुसरीकडे कुठेच नव्हता. मी बोरीला जायला आळेफाट्याची एसटी पकडली.

आत्या शेंगा फोडत बसली होती.

"आत्या, बाटली?"

"हाय की. न्हेणार व्हय?"

माझा चेहरा बघून ती उठली. जुन्या लुगड्यात बाटली गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाली, "न्हे बाई. तिकडं कामाला यील."

बाटलीत बाहेरचे जिवाणूही शिरले होते. ते वेगळे काढण्यात महिने गेले. मग एका दुपारी चाचणीच्या पाण्यातलं युरेनियम उतरलेलं दिसलं. मी लगेच फोन केला.

"आत्या, धरलं त्यानं!"

"म्हंजी जित्तं हाय ना?" तिने विचारलं आणि आम्ही दोघी रडायला लागलो.

दसऱ्यानंतर तिला प्रयोगशाळेत आणलं. दिव्यांखाली हलणाऱ्या हिरव्या चंबूंपुढे ती बराच वेळ उभी राहिली. निघताना माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना म्हणाली, "हुरड्याला बोरीला या बरं का."

ते खरंच आले. शेतात आगटीभोवती बसून आत्या भाजलेली कणसं चोळून एकेकाच्या ओंजळीत गरम हुरडा घालत होती. तिच्या हातचा तो शेवटचा हुरडा.