रंग नको, तेल घाला

या मित्रांनो, टेका इथं पायरीवर. शहरभर हिंडून पायांचे तुकडे पडले असतील. आत जायचं ते काचेचं दार कुठं पळून जात नाही. आधी माझी गोष्ट ऐका.

मी एक जुना फिरता दरवाजा आहे. या फुटबॉल क्लबचा सगळ्यात जुना. मधे खांब, त्याला चार लोखंडी हात. एका वेळी एकच माणूस आत सोडायचा, हे माझं काम. छातीनं ढकललं की 'खटाक' वाजायचं. ते वाजलं की माणूस क्लबचा झाला, मग तो गोदीतला हमाल असो की डॉक्टर.

मैदान राखणारा म्हातारा सामन्याआधी माझ्या सांध्यांत तेल सोडायचा. म्हणायचा, "आधी तुझं पोट, मग माझं." तो गेला आणि माझे हाल सुरू झाले. आता दरसाल मला लालभडक रंग फासतात, फोटोसाठी. रंग सांध्यांत उतरला, वाळला आणि मी जागच्या जागी अडकलो. दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

परवा एक काका आले, सोबत लेक. सकाळपासून दोघांनी शहर पालथं घातलेलं. ट्राम झाली, नदीवरचा पूल झाला, गोदीमागची चिंचोळी गल्लीही झाली. तिथं त्यांचा थोरला भाऊ भाड्यानं राहायचा. तो दर सामन्याला माझ्यातून आत जायचा आणि गावी आला की धाकट्याला तोंडानं 'खटाक' करून दाखवायचा. आता भाऊ नाही. काकांना तो आवाज एकदा खरा ऐकायचा होता.

त्यांनी छाती लावली. मी हललो नाही.

"काका, तो फक्त बघायला ठेवलाय," क्लब दाखवणारा पोरगेला माणूस म्हणाला. "आत जायचं तिकडून."

"अहो, दरवाजा काय बघायचा असतो?"

"बाबा, चला ना. लोक बघतायत," लेक कुजबुजली.

"बघू देत. दादा काय काचेतून जात होता?"

पुन्हा ढकललं. मित्रांनो, मी जीव एकवटला. लाज वाटली हो! रंगाचा एक टवका तेवढा पडला. काकांनी तो उचलला, सांध्यावरून बोट फिरवलं.

"याला तेलाचा थेंब नाही गं मिळालेला. आहे का हो तेल?"

"परवानगी लागेल."

"रंगाला लागली होती?"

त्यानं पुन्हा काचेच्या दाराकडं बोट दाखवलं. काकांनी माझ्या खांबावर थाप मारली, "तुझी चूक नाही रे," म्हणाले, आणि लेकीमागून काचेच्या दारातून आत गेले. ते दार उघडताना आवाजसुद्धा करत नाही.

मित्रांनो, वरून चकचकीत ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे. माझ्यापाशी फोटो खुशाल काढा. पण त्या पोरगेल्या माणसाला एवढं विचारा, "याला तेल कधी घालताय?" येईल त्यानं विचारावं. त्याचे कान किटू द्या. आणि मी सुटलो, तर छाती लावून जोरात ढकला. खटाक मोठ्यानं वाजू द्या.

काका फार लांब राहतात.