हंडे तयार ठेवा

राजेंद्र गेला, पण त्याचा आवाज हर्सूलच्या त्या गल्लीत आणखी दोन वर्षं नांदला. केबलवाल्या कारभारीच्या चॅनेलवर तो गावातल्या बातम्या वाचायचा. बातम्या तरी कसल्या? कुणाचा वाढदिवस, कुणाची शेळी हरवली, आणि नळाला पाणी कधी. दुष्काळात पाण्याचंच तेवढं पुन्हा पुन्हा सांगावं लागे, म्हणून कारभारीनं ते एकदाच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. "हर्सूलकरांनो, आज पाणी सुटतंय. हंडे तयार ठेवा." पुढं फुलंब्रीच्या रस्त्यावर ट्रकनं पोराला उडवलं, तरी पाण्याच्या दिवशी कारभारी तेच लावायचा. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं त्याच्या जिवावर यायचं.

घराघरातून एकदम तो आवाज निघायचा आणि बाया नळाकडे पळत सुटायच्या. राजेंद्रची आई, सत्यभामा, तेवढी जागची हलायची नाही. उंबऱ्यात बसून ऐकायची. तिचा हंडा कुणीतरी भरून आणून द्यायचं. पोरगं अजून गल्लीच्या कामाला येतंय, एवढंच सुख तिला उरलं होतं. तेही कुणी हिरावून नेईल, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग सरकारचा हुकूम निघाला. शहर हर्सूलपर्यंत वाढलं, आता केबलही डिजिटल. घरोघरी डबा बसवा, नाहीतर टीव्हीवर नुसत्या मुंग्या बघा. डबा आला. चित्र लख्ख, चॅनेलं शेकड्यानं, कारभारीचं चॅनेल मात्र त्यात नाही. सगळं आता मोठ्या कंपनीकडून यायचं. कारभारी उरला तारा जोडण्यापुरता.

सत्यभामानं डब्यावरची चॅनेलं धुंडाळून काढली आणि शेवटी त्याचं दुकान गाठलं.

"माझा राजू कितव्या नंबरावर लागतो रे आता?"

कारभारीला मान वर करवेना. "मावशी, आपलं चॅनेल बंद झालं. लई हातापाया पडलो, नाय ऐकलं कुणी."

त्यानं तो आवाज सीडीवर उतरवून दिला, स्वतःचा जुना डीव्हीडी प्लेयरही तिच्या टीव्हीला जोडून दिला. भला माणूस.

पण दार लावून ऐकताना तिला ते परकंच वाटलं. एकट्या आईला कुणी हर्सूलकरांनो म्हणतं का? एका दुपारी तिनं टीव्ही दारात ओढला, आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि सीडी लावली.

अख्खी गल्ली उठली. शेजारच्या द्वारकाबाईंची ओली बाळंतीण सूनसुद्धा कळशी घेऊन धावली. नळावर रांग लागली, भांडणं जुंपली. सत्यभामा उंबऱ्यात बसून हसत होती.

नळ कोरडाच होता.

द्वारकाबाई रिकामा हंडा घेऊन तणतणत आल्या. आल्या होत्या भांडायला, पण तिचं तोंड बघून निवल्या.

"सत्यभामे, नको लावू गं असं. पाणी आल्यावानी वाटतं."

मागून एक जण घरी परतता परतता बोलून गेली, "राजूचं बी आता खरं नाय राह्यलं."

सत्यभामाचं हसू मावळलं. पाण्याच्या बाबतीत तिच्या पोरानं गल्लीला कधी फसवलं नव्हतं. आज त्याच्या तोंडून खोटं वदवलं, ते त्याच्या आईनंच. ती हमसून हमसून रडली.

टीव्ही तिनं आत नेला. ती सीडी पुन्हा कधी लावली नाही, घरात एकटी असतानाही नाही.