मेंढीच्या फुफ्फुसातला कर्करोग

"बघा! ज्यांना डोळे आहेत त्यांनी बघा!"

एश्माम्बेतने दोन्ही हात उंच केले. हातांत नुकत्याच कापलेल्या मेंढीचे फुफ्फुस होते. त्यातून अजून वाफ निघत होती आणि त्याच्या गुलाबी मांसातून कोंबडीच्या अंड्याएवढ्या पांढुरक्या, तुकतुकीत गाठी डोकावत होत्या. लोकरी तंबूसमोर दाटलेल्या पुरुषांच्या गर्दीतून एक लांब उसासा बाहेर पडला. कोणी दुवा मागत तळहात चेहऱ्यावरून फिरवले, कोणी भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण केले. नारीनहून, कोचकोरहून, थेट इसिक-कुल सरोवराच्या काठावरून आलेल्या मोटारी कुरणात अस्ताव्यस्त उभ्या होत्या आणि त्यांच्या चाकांखाली वसंतातली पहिली फुले चिरडून गेली होती. त्यांच्याकडे मात्र कोणी पाहत नव्हते.

"बिश्केकच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" एश्माम्बेत गरजला. "पोटात गाठ, फुफ्फुसात ठिपके! बरोबर ना, कासिमअली?"

"बरोबर, अता," बापासाठीचा मानाचा शब्द वापरून माझे दाजी कासिमअली म्हणाले.

"मग हे काय आहे? हेच ते ठिपके! बुरुल्चाच्या छातीतून निघाले आणि बिचाऱ्या मुक्या जनावराच्या छातीत बसले. डॉक्टर रोगाला मारायला जातात, म्हणून तो चिडतो. मी मारत नाही. मी त्याला म्हणतो, बाबा रे, हे घर लहान आहे, बिऱ्हाड हलव!"

गर्दी हसली आणि हसता हसता रडली. कर्करोगाला बिऱ्हाडकरूची उपमा देणारा हा महापुरुष तीन वर्षांपूर्वीपर्यंत लग्नाच्या मेजवान्यांत ध्वनिवर्धकावरून पाहुण्यांची नावे पुकारत असे. आवाज तोच राहिला होता, मेजवानीही तीच राहिली होती. बदलले होते ते एवढेच की पूर्वी तो नवरीच्या आईला रडवी, आता रुग्णाच्या आईला रडवू लागला होता.

बुरुल्चा माझी थोरली बहीण. तिच्या पोटात, पाठीच्या कण्यापुढे, एक दुर्मीळ जातीची गाठ वाढली होती. डॉक्टर अनारकुल यांनी त्या गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, समाधान झाले नाही म्हणून परदेशातल्या जाणकारांनाही दाखवला, आणि मगच आम्हाला समोर बसवले. "हा सार्कोमा, एका प्रकारचा कर्करोग आहे. फारच थोड्यांना होतो, आणि तो पुढच्या टप्प्यावर गेला आहे," त्या म्हणाल्या होत्या. "बरं करीन, असं मी म्हणणार नाही. औषधानं तो आक्रसला तर शस्त्रक्रियेचा विचार करू. मात्र औषधाचा क्रम चुकवायचा नाही." दोन वेळा औषध शिरेतून देऊन झाले होते. ताईचे केस गेले, चव गेली, आणि तरीही तिसऱ्या खेपेसाठी सोमवारी राजधानीत, बिश्केकला जायचे ठरले होते. अशा वेळी दाजींच्या चुलतभावाने एश्माम्बेतला आणले.

आजाऱ्याला मेंढीच्या ताज्या फुफ्फुसाने हलके हलके झोडपायचे, म्हणजे आजार फुफ्फुसात जातो, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या लहानपणी तापात माझ्याही पाठीवर ते ऊन, ओले ओझे आपटले गेले होते. त्यात कोणी फसवत नव्हते. घाबरलेल्या घराला काहीतरी करायला हवे असे, म्हणून घर तेवढे करी. एश्माम्बेतने त्या भाबड्या रीतीला दुकानाची पाटी लावली. फुफ्फुस तो सर्वांसमोर चिरून दाखवी, आणि आत गाठी सापडत. दर खेपेस सापडत.

त्याचे नियमही होते. मेंढी रुग्णाच्याच कळपातली हवी, पण निवड तो करणार. तो दात तपासून सगळ्यांत म्हातारी मेंढी ओढून काढी. "कोवळ्या कोकराच्या छातीत एवढं दुःख मावायचं नाही," असे तो डोळे मिटून सांगे. रुग्णाच्या डोळ्यांवर पांढरे फडके बांधायचे. स्त्रियांनी तंबूच्या पलीकडे राहायचे, कारण बाईची नजर पडली की रोग माघारी फिरतो. फुफ्फुस लगेच कुत्र्यांना टाकायचे. आणि रोगाने बाटवलेले मांस घरच्यांनी खायचे नाही. ते एश्माम्बेत 'चौरस्त्यावर पुरण्यासाठी' आपल्या गाडीत भरून नेई. तो चौरस्ता बाजारातल्या एका खाणावळीच्या मागच्या दाराशी होता, हे मला पुढे कळले.

मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकतो. त्या सकाळीही मी गर्दीच्या कडेला उभा होतो, आणि त्या गाठी पाहून मला कसलीतरी ओळख पटत होती, पण नाव आठवत नव्हते.

"ताईला सोमवारी न्यायचंच ना, दाजी?" गर्दी पांगल्यावर मी विचारले.

दाजींच्या आधी एश्माम्बेतच वळला. "सुया? आता? रोग आत्ता कुठं नव्या घरात पाय पसरून बसलाय, आणि तुम्ही जुन्या घरात फटाके वाजवणार? उलटून येईल तो. मग माझ्याकडे येऊ नका."

"पण डॉक्टर..."

"मास्तर," दाजी तुटकपणे म्हणाले, "तुम्ही शाळेत बेडूक कापा. ही माझी बायको आहे."

त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. त्यांनी तेवढ्यात आभाराच्या मेजवानीसाठी आणखी एक मेंढी धरायला सांगितली. पाहुणे पुष्कळ होते, म्हणून चांगली थोराड, चरबीदार मेंढी निवडली गेली. तिला एश्माम्बेतने पाहिलेही नव्हते. रोगाने तिच्याकडे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्याकडे मेंढी कापायची पुरुषांनी. ते गळा चिरतात, कातडे सोलतात, कोणत्या पाहुण्याला कोणते हाड द्यायचे यावर मोठ्या गांभीर्याने वाद घालतात. पोटातले सगळे मात्र परातीत पडताच स्त्रियांकडे जाते. त्या ते ओढ्यावर नेऊन धुतात. गावातला पुरुष मेंढीची सगळी हाडे ओळखतो. तिच्या आतली ओलसर, वळणावळणांची दुनिया त्याने क्वचितच धड पाहिलेली असते. एखाद्याने पाहिली असेलही, पण त्या सकाळी त्याने तोंड उघडले नाही.

मी ताईसाठी पाणी आणायला ओढ्यावर गेलो. बर्फाचे पाणी दगडांवरून कुजबुजत चालले होते. स्त्रियांचे हात थंडीने लाल झाले होते आणि जिभा मात्र ऊन होत्या.

"या मेल्या मेंढीत दूध भरायचं कसं?" सायराकान काकू करवादली. गावातली कोणतीही मेजवानी या शेजारणीच्या हाताशिवाय होत नसे. फुफ्फुसात दूध भरून ते उकडणे हा तिचा हातखंडा. "सगळी पाणगाठींनी भरलीय. एकीकडून ओतलं तर दुसरीकडून बाहेर."

तिने सुरी फिरवली. एक पांढुरकी, तुकतुकीत गाठ परातीत घरंगळली. दुसरी गाठ तिने पाठीमागच्या कुत्र्याकडे भिरकावली.

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. "काकू, हे काय आहे?"

"पाणगाठ. इतका शिकलास आणि पाणगाठ ठाऊक नाही?"

"प्रत्येक मेंढीत असते?"

"कोकरात नसते. म्हातारीत मात्र हमखास. माझ्या सासूच्या काळापासून काढून फेकतोय. का रे, पांढरा का पडलास?"

"सकाळी एश्माम्बेतनं ताईच्या फुफ्फुसातून काढली म्हणून दाखवली ती... हीच होती."

काकूने सुरी खाली ठेवली.

"आम्हाला तंबूमागं का बसवलं होतं, ते आत्ता कळलं," काकू सावकाश म्हणाली. मग तिने ते फुफ्फुस गाठींसकट परातीत ठेवले, परात कमरेवर घेतली आणि ओले पाय आपटत चढ चढू लागली. बाकीच्या बायका तिच्या मागे गेल्या. मीही गेलो.

मेजवानी रंगात आली होती. तंबूत मानाच्या जागी एश्माम्बेत मांडी घालून बसला होता, मेंढीचे मानाचे डोके त्याच्यासाठीच शिजत होते आणि हातात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा होता. पडद्याआड ताई पडून होती.

काकूने परात त्याच्या पुढ्यात आदळली.

"अता, हा कुणाचा कर्करोग?"

"बाई, बाहेर जा! नजर..."

"नजर तर पडली. आता सांगा, कुणाचा? ही मेजवानीची मेंढी. हिला तुम्ही हात लावला नाही, हिच्या फुफ्फुसानं कुणाला झोडपलं नाही. हिच्यात कोण येऊन राहिलं?"

एश्माम्बेतने वाडगा खाली ठेवला. गडी चपळ होता. "बरोबर! एकाच कळपातली ना? सावली पडली. मोठा रोग असला की सावली शेजारच्या जनावरावरही पडते."

"अस्सं! गेल्या शरदात माझ्या लेकीच्या लग्नातल्या मेंढ्या तर दुसऱ्या कळपातल्या होत्या. त्यांतही होत्या गाठी. त्या कुणाच्या, जावयाच्या? चांगला घोड्यासारखा खिंकाळतोय तो अजून."

कोणीतरी फिस्सकन हसले. मागच्या एका बाईने सुनावले, "आणि माझ्या दिराच्या वर्षश्राद्धाला? तेव्हा तर मेलेल्याचंच बिऱ्हाड असणार!"

हसू पसरले, पण दाजी हसले नाहीत. ते परातीकडे पाहत होते. मी गर्दीतून वाट काढत पुढे झालो.

"दाजी, ही कृमीची गाठ आहे. एक बारीक कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, आणि तिच्या फुफ्फुसात, यकृतात पाण्यानं भरलेली गाठ वर्षानुवर्षं वाढत जाते. म्हणून यांना म्हातारी मेंढी लागते. आणि फुफ्फुस कुत्र्याला टाकलं की कुत्र्याच्या पोटात नवे कृमी. माणसालाही होतो हा आजार. हे रोग काढत नाहीत, गावोगाव पेरत हिंडतात."

"पुस्तकी बडबड!" एश्माम्बेत लग्नातल्या आवाजात गरजला. "चाळीस पिढ्यांची विद्या आहे माझ्यात!"

"मग या वसंतातलं एक कोकरू घ्या," मी म्हणालो. "आमच्यासमोर ताईचा रोग त्यात घाला. बायकांना पाहू द्या. गाठ निघाली तर मी स्वतः ताईला बिश्केकला जाऊ देणार नाही."

"कोकराची छाती लहान..."

"तर लहान रोग काढा," काकू म्हणाली. "वाटाण्याएवढा. आमची हरकत नाही."

यावर मात्र तंबू गदगदला. एश्माम्बेत उठला, आमच्या घराला भयंकर शाप देत तरातरा गाडीकडे निघाला. सकाळच्या मेंढीचे मांस त्याने आधीच भरून ठेवले होते. शाप देतानाही त्याने मागचे दार नीट लागले आहे ना, हे चाचपून पाहिले.

मला विजयाचा आनंद झाला नाही. पडदा सारून मी आत गेलो. ताई उठून बसली होती. तिने सगळे ऐकले होते.

"म्हणजे ते अजून आतच आहे?"

"हो, ताई."

"सगळं?"

"सगळं."

तिने गोधडीवरची एक लोकरीची गुंडी उगाच खुडली. सकाळी डोळ्यांवरचे फडके सोडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आले होते, ते मी गेल्या वर्षभरात पाहिले नव्हते, आणि आता ते माझ्यासमोर हळूहळू ओसरत होते. चमत्काराच्या दलालांवर माझा सगळ्यांत मोठा राग आहे तो याचसाठी. ते निघून जातात आणि त्यांनी दिलेली आशा परत मागण्याचे काम घरच्यांवर टाकतात.

"मला खरंच हलकं वाटलं होतं रे, उलार."

"हलकं वाटलं ते खरंच होतं. तुझं भिणं थांबलं होतं."

मग तिने काकूला हाक मारली. "परात आण इकडे." गाठीवरून तिने बोट फिरवले, नखाने दाबले. पाणी उडाले. "पाणगाठच. आयुष्यभर धुतल्यात. माझे डोळे बांधले नसते तर मीच त्याच्या थोबाडावर फेकली असती." आणि दारात अवघडून उभ्या असलेल्या दाजींकडे न पाहता ती म्हणाली, "अहो, सोमवारची गाडी सांगितली होती ती रद्द केलीत का?"

"परत सांगतो," दाजी म्हणाले. त्यांनी लगेच भ्रमणध्वनी काढला.

बिश्केकच्या रुग्णालयात औषधाची बाटली टांगली जात असताना ताईने डॉक्टर अनारकुल यांचा हात धरला.

"बाई, एक विचारू? हे चाललं नाही, तर आम्हाला कसं कळेल? आणि मग पुढं काय?"

परिचारिका थबकली. दाजींनी मान खाली घातली. डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या.

"या खेपेनंतर आपण पोटाची आणि छातीची आतली छायाचित्रं काढू. गाठ वाढलेली दिसली तर औषध चाललं नाही, असं मी तुम्हाला स्पष्ट सांगेन. मग दुसरं काय करता येतं ते बघू. आणि काहीच करण्यासारखं उरलं नाही, तर तेही लपवणार नाही. वेदना मात्र राहू देणार नाही."

ताईने बाही वर सरकवली. "लावा सुई."

ती बरी होईल की नाही, हे लिहिताना मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही, आणि त्या तसे म्हणतात. वाचकहो, तुमच्या दारी उद्या कोणी असाध्य रोग हमखास घालवणारा येईल. त्याच्या आवाजावर जाऊ नका, आणि त्याने डोळे कितीही मिटले तरी तुम्ही आपले उघडे ठेवा. त्याने ज्यांना पाहायची बंदी केली आहे, त्यांना आधी आत बोलवा. ज्या मेंढीला त्याने हात लावलेला नाही, तीही उघडून बघा. आणि मग त्याला ताईचा प्रश्न विचारा: हे चाललं नाही, तर आम्हाला कसं कळेल? या प्रश्नाला जो उत्तर देईल, त्याचे ऐकून घ्या. जो रागावेल, त्याच्या हातातून आपले माणूस त्याच क्षणी काढून घ्या.