पाच पौंड जास्त दाखवणारा मीटर

त्या रविवारी सगळं रोजच्यासारखंच होतं. धुळ्याच्या शिरपूर रस्त्यावर झुलाल नानांचं गॅरेज आहे. नाना एका गाडीचे ब्रेक काढून बसले होते. त्यांची मुलगी दिपमाला जळगावहून दोन दिवसांसाठी आली होती, ती चहा घेऊन आली. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला होतो. मित्रांनो, गाडीतल्या पेट्रोलचा दाब मोजणारा मी एक जुना मीटर. मुठीएवढी तबकडी आणि खाली हातभर नळी.

एक तरुण टर्बो बसवलेली गाडी घेऊन आला आणि पेट्रोलचा दाब लावून द्याल का, म्हणून विचारू लागला.

"दुसरीकडे जा भाऊ," नाना म्हणाले. "मनी नजर आता खरी नही." स्वतःच्या नजरेवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

दिपमालाच्या हातातला कप थांबला. ती बोलेल असं मला वाटलं. तिनं कप नानांच्या शेजारी ठेवला आणि ती घराकडे वळली.

एके काळी या कामासाठी नानांकडे दोंडाईच्याहून माणसं येत. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या हवेला पुरेसं पेट्रोल मिळालं नाही, तर इंजिन आतून जळतं. म्हणून आधी मूळ दाब नेमका लावायचा असतो. नाना मला पेट्रोलच्या वाटेवर जोडत, इंजिन चालू करत आणि दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला इंजिनाकडून आलेली हवेची बारीक नळी काढत. तिचं तोंड बंद ठेवावं लागे. दुसरे मेकॅनिक त्यात बोल्ट खुपसत. नाना नुसतं "अंगठा" म्हणत, आणि दहा वर्षांची दिपमाला पुढे होई. इंजिन अंगठा आत ओढू लागलं की तिला हसू येई. मग नाना रेग्युलेटरचा स्क्रू जरा जरा फिरवत. माझा काटा त्रेचाळीस पौंडांवर आला की नट आवळत आणि म्हणत, "बराबर शे."

पोरीच्या हातांना पेट्रोलचा वास येतो, हिला कोण पसंत करणार, अशी तिची आई झुंबरबाई कुरकुरे. मग मीच तिला कामावर ठेवीन, असं नानांचं उत्तर असे.

एका दुपारी मैत्रिणीला दाखवायला म्हणून दिपमालानं मला उचललं आणि मी फरशीवर पडलो. काच फुटली नाही. तिनं मला फ्रॉकनं पुसून जागेवर ठेवलं. दाब नसताना माझा काटा शून्यावरच असे, पण दाब आला की मी आता पाच पौंड जास्त दाखवत होतो.

पुढच्याच आठवड्यात शिरपूरच्या अभिमनभाऊंची गाडी आली. नानांनी माझ्यावर विश्वास ठेवला. काट्यावर त्रेचाळीस होते, खरे होते अडतीस. महामार्गावर वेगात असताना पिस्टन वितळला. अभिमनभाऊ भांडले नाहीत. चार माणसांसमोर एवढंच म्हणाले, "नाना, आता चष्मा लावा."

डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं सांगितलं. नानांना ते पटलं नाही. मीटर खोटं बोलत नाही, मीच वाचण्यात चुकलो, असं ते घरी म्हणाले. दाराआड उभ्या असलेल्या दिपमालाला तेव्हाच सगळं कळलं होतं. नानांनी मला खिळ्याला टांगलं आणि ते काम सोडलं. त्याला वीस वर्षं झाली.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी शटर उचलतानाच नाना कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत.

मित्रांनो, वस्तू पडली तरी वरून शाबूत दिसते. तुमच्या हातून पडली तर त्याच दिवशी सांगा. तुमच्यावर रागावणारं माणूस तेव्हा समोर असतं.

तेराव्यानंतर दिपमालानं गॅरेज उघडलं. मला खाली उतरवलं, फडक्यानं पुसलं आणि नानांच्या स्टुलावर बसून माझ्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला. तो आत ओढणारं काही नव्हतं. माझा काटा शून्यावर होता.

"नाना," ती मोठ्यानं म्हणाली, "मीटर माझ्या हातून पडला होता. तुमची नजर खरी होती."